मुंबईच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा इतिहास सात फलकांवर : कामाच्या नोंदी

काम असं : व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं तंतुवाद्य) वाजवणाऱ्या एका जुन्या वादकाच्या घरून पत्र्याची एक पेटी आली. आत कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि वादकांपुढे ठेवतात ते सुटे पार्ट्स, म्हणजे एकेका वाद्यापुरती स्वरलिपी. त्यातून आणि छापील माहितीतून तीन फूट बाय चार फुटांचे सात फलक करायचे. अंदाजपत्रक २५,००० रुपये, मुदत दोन महिने. प्रत्यक्षात लागले ३१,३०० रुपये आणि तीन महिने. जास्तीचे पैसे कुठे गेले आणि वेळ कुठे वाया गेला तेही इथे आहे. असं काम हाती घेणाऱ्यांना त्याचाच जास्त उपयोग होईल.

९ जून

पेटी उघडली. जूनमध्ये उघडली हीच पहिली चूक. पेटी माळ्यावर कोरडी होती, पण खोलीतली हवा दमट. दोन तासांत वरची पानं लाटेसारखी वाकली. पेटी परत बंद केली. तळाशी कसर लागलेली दिसली, आणि एका गठ्ठ्यात वाळवीचे जुने मातीचे माग, सुकलेले.

फवारणी केली नाही. द्रवाचे डाग पडतात आणि जुनी शाई फुटते. गठ्ठे जाड पॉलिथिनच्या पिशव्यांत घातले, हवा दाबून काढली, तोंड चिकटपट्टीने दोनदा बंद केलं आणि भाड्याच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवले. भाडं १,८०० रुपये, अंदाजपत्रकात नसलेलं. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. दव पिशवीच्या बाहेर साचलं पाहिजे, कागदावर नाही. एक पिशवी सहा तासांत उघडली गेली. तिच्यातली चार कात्रणं एकमेकांना चिकटली, त्यातली दोनच सुटली.

२७ जून

मोजदाद : कार्यक्रमपत्रिका १३८, पार्ट्सचे गठ्ठे ६, कात्रणं साठेक.

गंजलेल्या पिना. स्टेपल काढायच्या चिमट्याने तीन पत्रिकांचे कोपरे फाडले, मग चिमटा बाजूला ठेवला. जमलेली पद्धत : पिनेच्या पायाखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवायची, बोथट पात्याने पाय सरळ करायचे, पान उलटवून पिन वर ओढायची. एका पत्रिकेला चार मिनिटं लागतात.

फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ. खळ दुधाच्या सायीइतकी घट्ट हवी. पातळ झाली की पाणी कागदात पसरतं आणि कडेला तपकिरी रेघ उमटते. जुन्या सेलोटेपला हात लावू नका. हेअर ड्रायरच्या मंद झोताने वरची पट्टी सुटते, गोंद मात्र कागदातच राहतो. तो काढणं आपलं काम नाही.

४ जुलै

स्कॅनिंग. पहिल्या दिवशी सगळं ३०० डीपीआय, काळं-पांढरं. हे पूर्ण वाया गेलं, कारण दोन. एक, पत्रिकांमधले फोटो ठिपक्यांच्या छपाईचे, त्यांच्यावर जाळी उमटली. दोन, पार्ट्सवरच्या लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणा आणि छापील स्वर एकाच रंगात आले. खुणा हाच आमचा माल होता. दुसऱ्या फेरीत सगळं रंगीत : मजकूर ४०० डीपीआय, फोटो ६०० आणि नंतर जाळी काढून घेतली. नऊ दिवस गेले.

आपोआप पान ओढणारा स्कॅनर जुन्या कागदाला लावू नये. आम्ही लावला नाही, पण दुकानदार तोच खपवत होता.

११ जुलै

पत्रिकांच्या तारखा. या कामात सगळ्यात जास्त डोकं इथेच लागलं. १३८ पैकी ५१ पत्रिकांवर वार आणि तारीख आहे, साल नाही. ज्याने छापली त्याला साल ठाऊकच होतं.

एक उदाहरण : ‘शुक्रवार, १४ मार्च’. ज्या काळाची ही पेटी, त्यात १४ मार्चला शुक्रवार आला तो १९४१, १९४७, १९५२, १९५८ आणि १९६९ मध्ये. तिकिटाचा दर रुपये-आण्यांत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून, म्हणून शेवटची दोन सालं बहुतेक गेली. (बहुतेक म्हणायचं, कारण लोक आण्यांत बोलत राहिले. पण तिकीट छापणारा सहसा नव्या पैशांत छापी.) कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘जन गण मन’ छापलेलं. राष्ट्रगीत म्हणून ते २४ जानेवारी १९५० ला स्वीकारलं गेलं. उरलं १९५२.

आम्हाला उपयोगी पडलेल्या खुणा : पहिल्या ओळीत ‘गॉड सेव्ह द किंग’ असेल तर ऑगस्ट १९४७ च्या आधीची. पत्त्यात ‘बॉम्बे १’ असा एक आकडा असेल तर साधारण १९७२ पूर्वीची, कारण सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. वेळेपुढे ‘स्टँडर्ड टाइम’ असं मुद्दाम लिहिलेलं असेल तर ती जुनी. मुंबई टाइम भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चाले आणि शहरात दोन्ही घड्याळं बराच काळ नांदली, त्यामुळे श्रोता चुकू नये म्हणून छापावं लागे.

एकाच खुणेवर साल ठरवू नये. आम्ही सुरुवातीला नुसत्या पत्त्यावरून अकरा पत्रिका लावल्या. त्यातल्या चार नंतर हलवाव्या लागल्या, कारण छापखान्याने जुना ठसाच वापरला होता. आता नियम : दोन स्वतंत्र खुणा मिळाल्या तरच साल, नाहीतर ‘१९५०-५७’ असा पट्टा. ५१ पैकी ३३ ना साल मिळालं, बाकी पट्ट्यांत राहिल्या.

१८ जुलै

नावांचा घोळ. ‘बॉम्बे’, ‘सिंफनी’, ‘चेंबर’, ‘फिलहार्मोनिक’, ‘सोसायटी’ हे शब्द उलटसुलट करून केलेली सहा नावं पत्रिकांवर आहेत. पहिल्या तक्त्यात आम्ही ती सगळी एकाच रांगेत लावली, जणू एकच संस्था नाव बदलत गेली. तक्ता फाडला.

ज्याची खात्री आहे ते असं. १९३४ मध्ये वॉल्टर काउफमान हा चेकोस्लोव्हाकियातून आलेला ज्यू संगीतकार मुंबईत उतरला आणि त्याच साली त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. मेहली मेहता व्हायोलिनवर, एदिजिओ व्हेर्गा हा इटालियन चेलोवर, स्वतः काउफमान पियानोवर. १९३७ पासून १९४६ पर्यंत तो मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीताचा प्रमुख होता. पहाटे लागणारी आकाशवाणीची धून त्याचीच मानतात. पुढे १९४८ मध्ये तो कॅनडातल्या विनिपेग सिंफनीचा पहिला कंडक्टर झाला. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. बेल्जियन कंडक्टर ज्यूल क्राँ यांनीही बॉम्बे सिंफनीची सूत्रं सांभाळली. मेहली मेहता १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात गेले. १९६२ पासून बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा. २००६ मध्ये एनसीपीएचा (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया.

या चार-पाच संस्था आहेत, एक नाही. वादक मात्र पुष्कळदा तेच. पेटीतला व्हायोलावादक तीन वेगवेगळ्या नावांखाली वाजवताना दिसतो, तीच खुर्ची, तेच दोन शेजारी.

तक्त्यात आता दोन वेगळे रकाने : ‘संस्था’ आणि ‘वादक’. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर आठवडा वाचला असता.

२५ जुलै

पार्ट्सचे सहा गठ्ठे. सुरुवातीला यांना दुय्यम धरलं होतं, कारण यांच्यावर फोटो नाहीत. पण वाद्यवृंद किती मोठा होता हे पत्रिका सांगत नाही. तिच्यावर ‘पूर्ण वाद्यवृंद’ एवढंच असतं. पार्ट्स सांगतात.

मोजायची पद्धत. तंतुवाद्यांत एका स्टँडपुढे दोघे बसतात, म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या प्रती गुणिले दोन ही जास्तीत जास्त संख्या. आजच्या मोठ्या वाद्यवृंदात तंतुवाद्यं साधारण १४-१२-१०-८-६ अशी असतात (पहिली व्हायोलिन्स, दुसरी, व्हायोला, चेलो, डबल बास), म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या सात प्रती. आमच्याकडच्या बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या संचात चार. पण विकत घेतलेली प्रत म्हणजे वाजलेली प्रत नव्हे. पेन्सिलीने गज वर-खाली केल्याच्या खुणा चारपैकी तीनच प्रतींवर आहेत. म्हणून सहा. आम्ही आधी आठ लिहिलं होतं.

खुणा तीनही प्रतींवर सारख्या असतील तर गटाला कायमचा म्होरक्या होता आणि एकत्र तालीम झाली. वेगवेगळ्या असतील तर माणसं ऐनवेळी गोळा केलेली. आमच्या संचात पहिल्या दोन भागांत खुणा सारख्या आहेत, शेवटच्या भागात तिघांच्या तीन तऱ्हा. तालमीचे तास संपले असावेत.

फुंकवाद्यांत खरी गंमत. या सिंफनीत पिकोलो (छोटी बासरी), कॉन्ट्राबसून (अगदी खर्जातलं फुंकवाद्य) आणि तीन ट्रॉम्बोन शेवटच्या भागातच येतात. कॉन्ट्राबसूनचं पान कोरं करकरीत, घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणजे ते वाद्य मिळालंच नाही. ट्रॉम्बोनची तिन्ही पानं मळकी, कोपरे गुंडाळलेले. ब्रासचे (ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांचे) वादक नौदलाच्या बँडमधून येत, ते मिळत. ओबो आणि बसून ही दुपट्टी वेताची फुंकवाद्यं मुंबईची कायमची अडचण : असं वेत (रीड) करणं हे वेगळं कसब आहे आणि आपल्या दमट हवेत ती महिनोन्‌महिने टिकत नाही. बँडला ओबोवाचून भागतं, सिंफनीला नाही.

एका हस्तलिखित पानाने तीन दिवस खाल्ले. वर ‘क्लॅरिनेट’, एकच बेमोल (स्वर अर्धा उतरवायची खूण), अधूनमधून लांब विश्रांती. पाचव्या सिंफनीच्या छापील क्लॅरिनेटशी जुळेना, म्हणून ‘अन्य रचना’ या फाइलमध्ये गेलं. चूक. पहिल्या भागात २६८ व्या मात्राखंडात सगळे थांबतात आणि ओबो एकटाच एक छोटी आर्त लकेर घेतो. तीच लकेर या पानावर होती, एक स्वर वर चढवून. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतं, त्याच्यावर सी ऐकवायचा तर डी लिहावा लागतो, म्हणून ओबोचे तीन बेमोल इथे एक होतात. ओबोवादक नव्हता, त्याची ओळ क्लॅरिनेटसाठी हाताने उतरवून दिली होती.

पान ओळखताना शीर्षकावर जाऊ नका. चढवलेला स्वर उतरवून पाहा आणि मग संचाशी ताडा. हे आता आमच्या यादीत वर आहे.

हे पान कोणत्या वाद्यवृंदासाठी लिहिलं ते पानावर नाही, म्हणून फलकावरही लिहिणार नाही.

२ ऑगस्ट

गोव्याचा फलक. आधी हा ‘इतर’मध्ये होता. पत्रिकांमधल्या वादकांच्या यादीत तंतुवाद्यांची आडनावं पाहिल्यावर तो तिसऱ्या क्रमांकावर आणला. पारशी आणि गोवेकर, मधूनमधून युरोपीय निर्वासित.

गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणं, आणि सोबत व्हायोलिन शिकवत. मुंबईला येणारा मुलगा लिपी वाचत येई. अंतोनियु द फिगेरेदु यांनी १९५२ मध्ये पणजीत आकादेमिया द म्युझिका सुरू केली आणि गोवा सिंफनी ऑर्केस्ट्राही उभा केला. ती शिक्षणाची परंपरा पुढे कला अकादमीत आली.

मुंबईत पोट भरायचं ठिकाण मात्र सिंफनी नव्हतं. हॉटेलांचे बँड होते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने त्यांची रया गेली आणि चित्रपटांच्या स्टुडिओंत काम वाढत गेलं. दिवसा स्टुडिओत, संध्याकाळी तालमीला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे स्टुडिओतले व्हायोलिनवादक आणि अरेंजर, म्हणजे गाण्याची वाद्यरचना करणारे. त्यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून सेंट झेवियर्स कॉलेजात रागांवर बांधलेल्या रचना सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासह. वादक शंभरावर. एवढी माणसं कुठून आली याचं उत्तर स्टुडिओ हेच. हा वाद्यवृंद टिकला नाही. फलकाच्या मसुद्यात कोणीतरी त्याला ‘तात्पुरता प्रयोग’ म्हटलं होतं. ते खोडलं. मेहली मेहतांच्या वाद्यवृंदालाही त्या काळात कोणी कायमचा पगार देत नव्हतं.

१० ऑगस्ट

मुख्य फलक, क्रमांक एक, टाकून दिला. १९३५ पासून २००६ पर्यंत वर चढत जाणारा एक बाण आणि त्यावर टिंबं असं चित्र होतं. दिसायला झकास, पण खोटं. बाण म्हणतो की एकातून दुसरं उगवलं. कागद म्हणतात की दर वेळी जवळपास शून्यापासून. एखादा खटपट्या माणूस निघून गेला की वाद्यवृंद बसायचा. मेहली मेहता १९४५ मध्ये न्यूयॉर्कला व्हायोलिनशिक्षक इव्हान गालामियन यांच्याकडे शिकायला गेले, त्या वर्षांत पेटीतल्या पत्रिका एकदम विरळ होतात. (एकाच पेटीवरून एवढंच म्हणता येतं, म्हणून फलकावर ‘या संग्रहात’ हे शब्द घातले.)

नवं चित्र : आडवे तुटक पट्टे, एका संस्थेला एक, मधल्या रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवलेल्या. पट्ट्याखाली वाद्यांचे चौकोन. ज्या वाद्याचा पुरावा आहे तो भरलेला, जे उसनं आणलं तो अर्धा, जे नव्हतं तो कोरा. कॉन्ट्राबसूनचा चौकोन दीर्घकाळ कोरा जातो. पाहणारे तिथेच थांबतील असा अंदाज आहे.

‘पहिला’ हा शब्द सगळ्या फलकांवरून काढला, सात ठिकाणी होता. १९३५ चा, १९५२ चा (गोव्याचा), २००६ चा, तिघांनाही कोणी ना कोणी पहिला म्हणतं. २००६ च्या वाद्यवृंदाबद्दल ‘व्यावसायिक’ हे विशेषण लावूनच दावा केला जातो, तो तसाच विशेषणासह ठेवला.

१७ ऑगस्ट

सभागृहांचा फलक. एक लाजिरवाणी चूक छपाईआधी सापडली : कावसजी जहांगीर हॉलच्या मजकुरापुढे जहांगीर आर्ट गॅलरीचा फोटो. दोन्ही इमारती जवळजवळ, नावं जवळजवळ. कार्यक्रम व्हायचे तो सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल. १९९६ पासून तिथे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे.

एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० मध्ये उघडलं. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनीची रचना सिरिल हॅरिस यांची. मायक्रोफोनशिवाय आपलं रागसंगीत शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं हा त्याचा हेतू. सिंफनी आणि ऑपेराला लागणारा मोठा रंगमंच १९९९ च्या जमशेद भाभा थिएटरने दिला, आसनं १,१०९. कायमचं छप्पर आधी आणि कायमचा वाद्यवृंद सात वर्षांनी, हा क्रम फलकावर ठळक केला.

पाहुणे वाद्यवृंद (झुबिन मेहतांसोबत १९८४ ला न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, १९९४ ला इस्रायल फिलहार्मोनिक) एका छोट्या चौकटीत टाकले. मुंबईचे लोक यांच्याबद्दलच जास्त बोलतात, पण पाहुणे आले म्हणून घरचा बसूनवादक तयार होत नाही.

२४ ऑगस्ट

२००६ नंतरचा फलक. एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. बिसेनगालियेव्ह यांनी त्याआधी पश्चिम कझाकस्तानात वाद्यवृंद उभा केला होता, तिथले बरेच वादक सुरुवातीला इथे आले. भारतीय वादक थोडे. मसुद्यात यावर दोन टोकांची वाक्यं आली : एकात हे झाकलेलं, दुसऱ्यात हिणवलेलं. दोन्ही काढली. चौकोनांच्या चित्रात बाहेरून आलेल्या वादकांना वेगळी रेघ दिली, बस. १९३० च्या दशकातल्या काउफमान-व्हेर्गांनाही तीच रेघ.

शिकवण्याची अकादमी, २०१५ चा झाकीर हुसेन यांचा तबल्यासाठीचा कॉन्चेर्टो (एक वाद्य आणि पूर्ण वाद्यवृंद यांची रचना) ‘पेशकार’, २०१९ चा ब्रिटनचा दौरा, ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहतांनी केलेलं संचालन, एवढं पुरे. इथे साहित्य भरपूर आणि चकचकीत होतं, म्हणून हा फलक एका दिवसात झाला.

३१ ऑगस्ट

छपाई. मजकूर युनिकोडमध्ये. छपाईवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडल्यावर रफार पुढच्या अक्षरावर गेला आणि ‘ऑर्केस्ट्रा’तला ‘स्ट्रा’ तुटून स-ट-र असा पडला. नमुना पाहिला नाही, दोन फलक तसेच छापले गेले. नुकसान २,१०० रुपये. उपाय : आपल्याकडेच अक्षरांच्या आकृत्या करून (कर्व्हज) पीडीएफ द्यायची, आणि पूर्ण आकारातला एक हातभर तुकडा आधी छापून घ्यायचा.

फ्लेक्स स्वस्त, पण दिव्याखाली चकाकतो आणि पेन्सिलीच्या खुणा दिसत नाहीत. मॅट व्हिनाइल, खाली ५ मिलिमीटर सनबोर्ड, ८५ रुपये चौरस फूट. सात फलकांचे ८४ चौरस फूट, ७,१४० रुपये.

६ सप्टेंबर

फलक लागले. खर्च : फ्रीझर १,८००, जपानी कागद, आम्लरहित फोल्डर आणि खोकी ९,४००, स्कॅनरचं भाडं ६,०००, छपाई ७,१४०, वाया गेलेली २,१००, चौकटी, वाहतूक, खिळे-दोरी ४,८६०. एकूण ३१,३००.

खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या दाण्यांच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद भाजून परत वापरायच्या. पहिल्या आठवड्यात तीनदा भाजाव्या लागल्या.

राहिलेलं : अठरा पत्रिकांचं साल, दोन चिकटलेली कात्रणं, आणि ‘अन्य रचना’च्या फाइलमध्ये अजून पडलेली अकरा हस्तलिखित पानं. त्यातलं एक व्हायोलाच्या क्लेफमध्ये (ओळींवरचे स्वर कोणते ते सांगणारी सुरुवातीची खूण) आहे आणि वर ‘बसून’ लिहिलंय.